गिअरबॉक्सचे तेल : बदलावे की बदलू नये?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरची आणि नाट्यसंगीतावरची व्याख्याने ऐकत आलो, त्याच व्यासपीठावर गाडीच्या तेलाविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, याचे आरंभी थोडे आश्चर्य वाटले. परंतु विषय कोणी निवडला हे समजल्यावर ते आश्चर्य उरले नाही. गेली दोन-तीन वर्षे कोजागरीला, संक्रांतीच्या तिळगुळाला, अगदी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातावर घेतानाही एकच प्रश्न आम्हांस वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. "आमची गाडी जुनी आहे, ऑटोमॅटिक आहे, गिअरबॉक्सचे तेल कधीच बदललेले नाही. आता बदलावे की तसेच राहू द्यावे?" आजचे भाषण म्हणजे या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत गावी जायचे म्हणजे मीटरगेजने मिरजेपर्यंत जाऊन तेथे गाडी बदलायची, हा परिपाठ होता. पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि बंगळूर ते पुणे हे सुमारे साडेआठशे किलोमीटरचे अंतर हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करीत एका दिवसात तोडणारी पिढी तयार झाली. ती पिढी आता साठी-सत्तरीला पोहोचली आहे. डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून अनेकांनी स्वयंचलित गाडी घेतली. अशा कुटुंबाची गाडी बंद पडणे म्हणजे केवळ एक यंत्र बंद पडणे नव्हे. बाजार, दवाखाना, देऊळ आणि हे मंडळसुद्धा त्या गाडीवर अवलंबून असते. शिवाय जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधण्याचा खर्च पुष्कळदा त्या गाडीच्या बाजारभावापेक्षाही अधिक होतो. म्हणजे गिअरबॉक्स गेला की बहुधा गाडीच गेली.

प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे आज 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली अनेक प्रकारच्या गाड्या धावतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ज्या स्वस्त स्वयंचलित गाड्या आपल्याकडे पसरल्या, त्यांत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. काही गाड्यांत गिअरच्या चक्रांऐवजी पट्टा आणि कप्प्या असतात. आम्ही आज बोलणार आहोत ते या दोहोंविषयी नव्हे, तर ज्यांत टॉर्क कन्व्हर्टर आणि तेलात बुडालेले क्लच असतात त्या जुन्या घडणीच्या गिअरबॉक्सविषयी. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आलेल्या होंडा सिटी, टोयोटा कोरोला यांसारख्या गाड्यांच्या स्वयंचलित आवृत्त्यांत तो आढळतो. आपली गाडी नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक प्रकार बदललेला असतो. १९९८ साली भारतात आलेली सिटी आणि २००३ साली आलेली सिटी, या दोहोंच्या स्वयंचलित आवृत्त्यांचे गिअरबॉक्स सर्वस्वी भिन्न होते.

आता हे तेल करते काय? इंजिनातील तेलाचे मुख्य काम वंगणाचे. गिअरबॉक्समधील हे तेल मात्र एकाच वेळी चार-पाच नोकऱ्या करते. इंजिनाची शक्ती चाकांकडे जाताना वाटेत टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक बंद डबा असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिन एक पंखा फिरवते, त्याने तेल घुसळले जाते आणि त्या तेलाच्या झोताने दुसरा पंखा फिरतो. समोरासमोर ठेवलेल्या विजेच्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरू लागतो, तसाच हा प्रकार. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले, तेही मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. मोटारीत स्वयंचलित गिअरबॉक्सचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले ते १९३९ साली, जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकच्या रूपाने. तात्पर्य, शक्ती वाहून नेणे हे या तेलाचे पहिले काम. दाबाखाली क्लच आवळणे आणि सोडणे हे दुसरे. चक्रांचे वंगण, उष्णता बाहेर नेणे आणि झिजेचा कचरा गाळणीपर्यंत व चुंबकापर्यंत पोहोचवणे ही उरलेली कामे.

त्यातही सर्वांत नाजूक काम आहे ते घर्षणाचे. या क्लचच्या चकत्यांवर जे अस्तर असते ते कागदाच्या जातीचे, तंतूंचे आणि राळेने बांधलेले असते. चकत्या एकमेकींना भिडताना त्या फार घसरता कामा नयेत आणि एकदम दचकूनही पकडता कामा नयेत. किती निसटावे आणि किती धरावे, याचे प्रमाण त्या तेलातील रसायने ठरवतात. यासाठी एके काळी अमेरिकेत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल त्यात मिसळीत असत. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे त्या माशाच्या संरक्षणासाठी कायदे झाले, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या जागी दुसरे पदार्थ शोधावे लागले. एका तेलाला पर्याय शोधण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, यावरून लक्षात यावे की हे तेल म्हणजे गिअरबॉक्समध्ये ओतलेली वस्तू नसून गिअरबॉक्सचाच एक सुटा भाग आहे. आणि सुटा भाग म्हटला की तो झिजतोच.

तेल झिजते म्हणजे काय होते? त्याचा मुख्य शत्रू उष्णता. हे तेल नेहमीच्या चालीत साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. म्हणजे नेहमीपेक्षा ३० अंश अधिक तापलेले तेल आठपट वेगाने म्हातारे होते. सिल्क बोर्डच्या चौकात किंवा हेब्बाळच्या पुलाखाली पाऊल पाऊल सरकणारी गाडी आणि मे महिन्यात भरल्या सामानासह आंबोलीचा घाट चढणारी गाडी, या दोन्ही अवस्थांत गिअरबॉक्सला काम फार आणि वारा कमी मिळतो. हळूहळू तेलातील उपयुक्त रसायने खर्च होतात, लाल रंग तपकिरी होतो, आतल्या बारीक झडपांवर चिकट राप बसतो आणि अस्तराची बारीक पूड तेलात फिरू लागते.

येथे कोणी म्हणेल की, काही कंपन्यांनी तर हे तेल 'आजन्म' चालेल असे लिहिले आहे. लिहिले आहे, हे खरे. परंतु हा जन्म कोणाचा, हे विचारले पाहिजे. सर्वसाधारण परिस्थितीत गाडीचे जे अपेक्षित आयुष्य धरलेले असते, त्यापुरते ते वचन असते. वीस वर्षे गाडी वापरणाऱ्या काटकसरी मराठी कुटुंबाचा विचार करून ते दिलेले नसते. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत थांबत-थांबत चालणारी वाहतूक, प्रखर उन्हाळा आणि डोंगरी रस्ते यांना 'कठीण परिस्थिती' म्हटलेले असते आणि त्यासाठी तेल लवकर बदलण्याची सूचना असते. अनेक नामांकित मोटारींना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः आपल्या गिअरबॉक्सचे तेल साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, अथवा ८ वर्षांनी बदलावे असे सांगते. ज्याने यंत्र घडवले तोच असे म्हणत असेल, तर आपण 'आजन्म' या शब्दावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

मग न बदलण्याची भीती आली कोठून? गॅरेजमध्ये आपण ऐकतो की, "साहेब, एवढी वर्षे हात लावला नाही ना, आता लावू नका. नवे तेल घातले की गिअरबॉक्स बसतो." हे सांगणारे कारागीर खोटे बोलत नसतात. त्यांनी तसे घडताना पाहिलेले असते. परंतु पाहिले ते कोणत्या गाड्यांत? जी गाडी सुरळीत चालते तिच्या तेलाची आठवण कोणालाच होत नाही. गिअर निसटू लागले, धक्के बसू लागले, मागे-पुढे जायला गाडी कुरकुरू लागली, की मोठा खर्च टाळावा या आशेने मालक म्हणतो, "एकदा तेल बदलून पाहू." तेल बदलले जाते, आणि आठवड्याभरात गिअरबॉक्स जातो. तो तसाही जाणारच होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. बोल मात्र कावळ्याला लागला. रोग्याला अखेरच्या घटकेला दवाखान्यात न्यावे आणि मृत्यूचे खापर त्या दिवशीच्या औषधावर फोडावे, त्यातलाच हा प्रकार.

तथापि या समजुतीत सत्याचा जो अंश आहे तो नाकारून चालणार नाही. तेल बदलल्याने गिअरबॉक्स बिघडल्याची खरी उदाहरणे असतात, आणि त्यांची कारणे बहुधा तीन असतात. एक, चुकीच्या जातीचे तेल घातले. दोन, तेल कमी किंवा अधिक भरले. तीन, वर्षानुवर्षे साचलेला राप यंत्राच्या जोराने एकदम सुटा केला आणि तो झडपांच्या अरुंद वाटांत जाऊन अडकला. यांपैकी एकही दोष नव्या तेलाचा नाही. ते सगळे बदलण्याच्या रीतीचे दोष आहेत. म्हणून 'बदलावे की बदलू नये' या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. गिअरबॉक्सची आजची अवस्था कशी आहे?

ती अवस्था पाहण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सकाळी गाडी थंड असताना ब्रेक दाबून गिअरचा दांडा 'डी'वर आणावा आणि गाडीने ओढ घेण्यास किती वेळ लावला ते पाहावे. क्षणार्धात घेतली तर उत्तम. दोन-तीन सेकंद लागले तर सावध व्हावे. सपाट रस्त्यावर वेग वाढवताना एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना इंजिनाचा आवाज मध्येच चढतो आणि गाडी मात्र तेवढी पुढे सरत नाही, असे होत असेल तर क्लच निसटत आहेत. त्यानंतर तेल पाहावे. कांडी असेल तर तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. लालसर किंवा तपकिरी असून वास साधा असेल, तर नुसत्या गडद रंगाने घाबरू नये. काळे पडलेले आणि करपट वासाचे असेल, तर आतले अस्तर जळाले आहे. आणि दुधात गुलाबी सरबत मिसळावे तसे ते दिसत असेल, तर पाण्याच्या रेडिएटरमधली तेल थंड करणारी नळी फुटून कूलंट तेलात शिरले आहे. अशी गाडी त्या दिवसापासून चालवूच नये, कारण कूलंटने अस्तराला धरून ठेवणारा चिकटा सुटतो.

आपल्याच परिचयातील दोन कुटुंबांची उदाहरणे सांगतो. पहिले घर एका निवृत्त शिक्षिकांचे. यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि गाडी काकूच चालवतात. गाडी जवळपास वीस वर्षांची, १ लाख १० हजार किलोमीटर धावलेली. जुन्या नोंदींत इंजिन ऑइल दरवर्षी बदललेले दिसत होते. गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख एकदाही नव्हता. सकाळी 'डी'वर टाकल्यावर ओढ घेण्यास गाडी दोन सेकंद लावी आणि साठच्या वेगाच्या आसपास किंचित थरथरे. नेहमीच्या गॅरेजने हात लावण्यास साफ नकार दिला होता. तेल पाहिले तर गडद तपकिरी, परंतु करपट वास नाही, गिअर निसटणे नाही. आम्ही काकूंना स्पष्ट सांगितले की, तेल बदलणे योग्य वाटते, पण झालेली झीज तेलाने भरून येणार नाही, आणि काम करताना काही वाईट निघण्याची थोडी शक्यता आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "थांबायची असेल तर आमच्या दारात थांबू दे. यांना घेऊन जाताना रस्त्यात नको." निर्णयाचे यापेक्षा नेमके सूत्र आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडले नसते.

दुसरे घर एका तरुण सभासदाचे. गाडी वडिलांची, वडील नुकतेच गेलेले, त्यामुळे गाडीवर जीव फार. गणपतीला तीच गाडी घेऊन सावंतवाडीस जायचे, असा त्याचा बेत होता. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसते ओरडत होते आणि गाडी रांगत होती. तेल काळेकुट्ट, वास जळलेला. चेंबर खोलल्यावर चुंबकावर धातूचे चकचकीत तुकडे निघाले. बारीक राखाडी लेप चुंबकावर असणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे तुकडे मात्र स्वाभाविक नव्हेत. येथे आम्ही सांगितले की, नव्या तेलावर एक रुपयाही घालवू नका, आणि या गाडीने घाट तर मुळीच उतरू-चढू नका. एक तर गिअरबॉक्स पूर्ण उघडून बांधा, नाही तर गाडीचा निरोप घ्या. त्याला ते ऐकणे जड गेले. त्या वर्षी तो रेल्वेने गावी गेला. पुढे हिशेब मांडून त्याने गाडी मोडीत काढली, आणि तो निर्णय योग्यच होता असे आमचे मत आहे.

आता बदलायचे ठरले, तर कसे बदलावे ते सांगतो. येथे एक साधे गणित ध्यानात घ्यावे. खालचा नट काढला की इंजिनाचे बहुतेक सगळे तेल बाहेर येते. गिअरबॉक्सचे तसे नाही. त्याचा मोठा हिस्सा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतो. समजा, एकूण तेल ६ लिटर आहे आणि नटातून ३ लिटर निघाले. ३ लिटर नवे घातले म्हणजे आत निम्मे नवे, निम्मे जुने झाले. दोन-तीन आठवडे गाडी नेहमीप्रमाणे चालवून पुन्हा तेच केले की तीन-चतुर्थांश नवे झाले; तिसऱ्यांदा केले की साडेसत्याऐंशी टक्के. पुष्कळ गाड्यांत एका वेळी निम्म्याऐवजी तिसरा हिस्साच निघतो. तेथे तीन खेपांत सुमारे ७० टक्के तेल नवे होते. वर्षानुवर्षे उपाशी राहिलेल्या माणसाला आपण एकदम पंगतीला बसवीत नाही, आधी पेज देतो. दुर्लक्षित गिअरबॉक्सलाही हीच रीत मानवते. प्रत्येक खेपेला निघालेले तेल पाहण्याची संधी मिळते, हा त्यातला आणखी एक लाभ. चेंबर खोलून गाळणी बदलता येत असेल, तर ती पहिल्याच खेपेस बदलावी. काही गाड्यांत, उदाहरणार्थ होंडाच्या त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये, खोलण्याजोगा चेंबर नसतो. तेथे नटातून तेल काढणे एवढेच करायचे असते.

काही ठिकाणी एक यंत्र जोडून सगळे तेल एकाच बैठकीत बदलून देतात. ज्या गाडीचे तेल नियमाने बदलले गेले आहे, तिच्या बाबतीत, आणि यंत्र केवळ गाडीच्या स्वतःच्या पंपाच्या गतीने तेल बदलीत असेल तर, त्यास हरकत नाही. परंतु दुर्लक्षित गाडीत जोर लावून, धुण्याचे रसायन घालून असे करू देऊ नये. तिसरा जो दोष आम्ही मघाशी सांगितला, त्याचा उगम बहुधा येथेच असतो.

तेलाच्या जातीविषयी तडजोड नको. 'ऑटोमॅटिकचे तेल' अशी एकच वस्तू बाजारात नाही. टोयोटाच्या ज्या गाड्यांना 'टाइप टी-फोर' लागते, त्यांत त्याच कंपनीचे पुढच्या पिढीचे 'डब्ल्यूएस' घालायचे नसते. उलट होंडाने आपले जुने 'झेड-वन' थांबवून त्याच्या जागी 'डीडब्ल्यू-वन' दिले आणि ते जुन्या गाड्यांना चालते असे कळवले. म्हणजे 'जुने नको' किंवा 'नवे नको' असा सरसकट नियमही करता येत नाही. आपल्या गाडीची पुस्तिका काय म्हणते तेच खरे. जे. सी. रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत गेलात, तर गाडीचे नाव सांगून 'एक डबा द्या' म्हणू नये. पुस्तिकेतील तेलाचे नाव कागदावर लिहून न्यावे आणि सीलबंद डब्यावर तेच नाव वाचून घ्यावे. सगळ्या गाड्यांना चालते असे म्हणत पिंपातून काढून दिलेले तेल घेऊ नये.

यानंतर येते माप. जुने तेल काढल्यावर ते फेकण्याआधी खुणा असलेल्या भांड्यात मोजावे आणि तेवढेच नवे भरावे. ही साधी गोष्ट निम्म्या चुका टाळते. मात्र आधी गळती झालेली असेल, तर जुने मापच अपुरे असते, म्हणून शेवटी पातळी तपासावीच लागते. ती तपासण्याची रीतही गाडीगणिक वेगळी आहे. टोयोटात गाडी तापवून, दांडा सर्व खुणांतून फिरवून, 'पी'वर इंजिन चालू ठेवून कांडी पाहतात. होंडात गाडी तापल्यावर इंजिन बंद करून एक-दीड मिनिटाच्या आत पाहतात. एकीची रीत दुसरीला लावली, तर बरोबर भरलेले तेल चूक दिसते. ज्या गाड्यांना कांडीच नसते, त्यांत तेल ठरावीक तापमानाला असताना बाजूच्या नटातून पातळी ठरवतात. ते काम घरी करू नये. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि क्लच निसटतात. अधिक झाले तर फिरणारी चक्रे ते घुसळून फेस करतात, आणि परिणाम तोच होतो.

आपल्यातील जे हौशी सभासद रविवारी स्वतः गाडीखाली शिरतात, त्यांना एकच विनंती. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये. खाली पक्के स्टँड लावावेत. तेल कोमट असताना काढावे, उकळते नव्हे. हात भाजल्यावर वंगणशास्त्र आठवत नाही. नटाची वॉशर नवी घालावी. काम कारागिराकडून करून घ्यायचे असेल, तर त्याच्यावर अविश्वास दाखवू नये, पण शेजारी उभे राहावे. येथील कारागीर कुशल आहेत. मोडक्या-तोडक्या कन्नडमध्ये का होईना, त्यांच्याशी बोलले की काम अधिक आपुलकीने होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. काय घातले, किती घातले, कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर, हे वहीत लिहून ठेवावे. काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा ठरतो, आणि आपल्या शहरातील तलावांची अवस्था आपण जाणतोच. बंद डब्यात भरून ते गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.

आपण काकूंच्या गाडीचे पुढे काय झाले, हे विचारालच. दीड महिन्यात तीन खेपांनी तिचे तेल बदलले. पहिल्या खेपेचे तेल कॉफीसारखे निघाले, तिसऱ्याचे चहासारखे. साठच्या वेगाची थरथर दुसऱ्या खेपेनंतर गेली. सकाळची दोन सेकंदांची दिरंगाई एक सेकंदावर आली. ती पूर्णपणे गेली नाही आणि जाणारही नाही, कारण ती झिजेची आहे. गाडी आजही आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाते. यापेक्षा अधिक चमत्काराची अपेक्षा तेलाकडून करू नये, आणि याहून कमी लाभ झाला म्हणून त्याला दोषही देऊ नये.

नव्या तेलाचे आयुष्य आपल्या सवयींवरही अवलंबून असते. चढावर थांबताना अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा. नाही तर सारी शक्ती तेल तापवण्यात जाते. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा-मागचा गिअर बदलू नये. घाट उतरताना खालचा गिअर घ्यावा. रेडिएटरची स्वच्छता राखावी, कारण पुष्कळ गाड्यांत तेच गिअरबॉक्सचे तेल थंड करते. आणि गाडीखाली लाल थेंब दिसले, तर तो दिवस टाळू नये.

आता सारांश सांगून थांबतो. गाडी बरी चालत असेल आणि तेल जुने झाले असेल, तर बदलावे. योग्य जातीचे, मोजून, थोडे थोडे आणि शक्य तितक्या लवकर. गाडी आधीच निसटत असेल आणि तेल जळालेले असेल, तर तेलात पैसे घालवू नयेत आणि आशेवर घाट चढू नये. या दोन अवस्थांमधली गाडी असेल, तर मालकाला खरी शक्यता सांगून निर्णय त्याच्यावर सोपवावा. चालत्या गाडीची तपासणी आजच करावी, ही आमची आपणांस कळकळीची विनंती आहे. मे महिन्यात मुलाबाळांसह निघण्याच्या आदल्या रात्री ती करून काही साधत नाही. पुस्तिका आज घरी गेल्यावर काढून पाहावी. सापडत नसेल, तर पुढच्या रविवारी मंडळात यावे. गाडीचे वर्ष आणि नमुना सांगितलात, की तेलाचे नाव शोधून देण्याचे काम आमचे.